बोथेलच्या घरातले ऱ्होडोडेन्ड्रॉन पिवळे पडलेत, खत घालू की उपटून टाकू?

पानफूल (बोथेल, वॉशिंग्टन)

नमस्कार मंडळी. बागकामात मी अगदीच नवखी, पुण्यात असताना गॅलरीतली तुळस आणि कढीपत्ता एवढीच काय ती शेती, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. आम्ही इथे नवीन बांधलेलं घर घेतलं तेव्हा बिल्डरच्या लॅन्डस्केपिंगवाल्याने पुढच्या बाजूला ऱ्होडोडेन्ड्रॉनची तीन झाडं लावून दिलेली होती. पहिल्या वसंतात काय फुलली म्हणून सांगू, गडद गुलाबी मोठे मोठे झुपके, कुत्रं फिरवायला निघालेली माणसं थांबून फोटो काढायची. त्यानंतर मात्र उतरती कळा लागली आणि यंदा मे महिन्यात सगळी गल्ली रंगात न्हाऊन निघालेली असताना आमच्याकडे जेमतेम चार-पाच झुपके, तेही मरतुकडे.

प्रत्येकाचं दुखणं वेगळं आहे म्हणून नीट सांगते. ड्राइव्हवेच्या काँक्रीटला लागून जे आहे त्याची नवी पानं पिवळी, फक्त शिरा हिरव्या राहिल्यात. दाराजवळचं जे आहे, जे घराच्या वळचणीखाली येतं, ते दुपारी पानं खाली लोंबवून उभं असतं आणि संध्याकाळीही सावरत नाही, वरची माती हाताला ओलीच लागते त्यामुळे पाणी वाढवू की कमी करू तेच कळत नाही, आणि त्याची एक फांदी पूर्ण तपकिरी झालीये. तिसरं हिरवंगार, गोल गरगरीत, पण फुलाचं नाव नाही. शिवाय तिन्हींच्या पानांच्या कडा कुणीतरी कुरतडल्यात, अर्धगोल अर्धगोल तुकडे काढल्यासारख्या. पानं उलटून उलटून बघितली, किडा एकही दिसला नाही.

नवरा म्हणतो खत घाल. आई सध्या सांगलीहून आलीये, ती म्हणते कढीपत्त्याला घालतो तसं आंबट ताक घाल, बघ कशी तरारतात. शेजारच्या आजी म्हणतात वरून अजून बार्क (सालीचे तुकडे) टाक. आणि बागवाला माणूस म्हणाला काढून टाका, नवीन लावून देतो, त्याचा आकडा ऐकून मी विषयच बदलला. इथे कुणी ऱ्होडी पाळलेले आहेत का? वाचतील का ही?

कुंडीवाली (एडिसन, न्यू जर्सी)

अगं पिवळी पानं आणि हिरव्या शिरा म्हणजे झाडाला आयर्न मिळत नाहीये. ऱ्होडोला अ‍ॅसिडिक माती लागते, अझालिया-कॅमेलियाचं म्हणून जे खत मिळतं ते घाल आणि घरातला कॉफीचा चोथा टाकत जा, आमच्याकडे मी रोज टाकते. बाकी आमच्याकडची पीजेएम म्हणून जी ऱ्होडोची जात आहे ती एकदम दणकट, थंडीत शून्याच्या खाली गेलं की पानं सिगारेटसारखी गुंडाळून खाली लोंबतात, पहिल्या वर्षी मी घाबरले होते, पण ते त्याचं नॉर्मल आहे, ऊन आलं की उघडतात. तुझ्याकडे थंडी एवढी नाही त्यामुळे तो प्रश्न नसावा. ताक नको गं बाई, रॅकून येतील.

डोंगरझाड (इसाक्वा)

कुंडीवालीताईंचं आयर्नचं निदान बरोबर आहे पण मी म्हणेन पानफूल, हातातलं खत आधी खाली ठेवा. इकडे ऱ्होडी भुकेने मरत नाहीत, लावताना केलेल्या घोळाने मरतात, फक्त मरायला तीन-चार वर्षं लावतात त्यामुळे लावणारा तोवर पैसे घेऊन पसार झालेला असतो. पहिल्या वर्षी जी फुलं आली ना ती तुमच्या जमिनीची नव्हेतच, त्या कळ्या नर्सरीत असतानाच धरलेल्या. ऱ्होडीची पुढच्या वर्षाची कळी आदल्या उन्हाळ्यात तयार होते. तुमच्या अंगणात धरलेल्या कळ्या दुसऱ्या वर्षापासूनच्या, आणि तिथूनच घसरण सुरू झाली, म्हणजे गडबड कुठे आहे ते कळलंच.

एक एक झाड घेऊ.

ड्राइव्हवेजवळचं. सिअ‍ॅटलच्या आसपासची माती मुळात अ‍ॅसिडिकच आहे, इतका पाऊस पडतो की चुना धुऊन जातो, ऱ्होडीला साडेचार ते सहा पीएच लागतो तो इथे बहुतेक ठिकाणी फुकटात मिळतो. म्हणून तर इथल्या जंगलात ती आपोआप वाढते आणि राज्याचं फूल पण तीच. (त्याची गोष्ट मस्त आहे, १८९२ साली शिकागोच्या जत्रेसाठी राज्याचं फूल ठरवायचं होतं तेव्हा मतदान फक्त बायकांनी केलं आणि ऱ्होडीने क्लोव्हरला हरवलं, कायद्याने शिक्का बसायला मात्र १९५९ उजाडलं.) असो. तर एवढ्या अ‍ॅसिडिक मुलखात एकच झाड पिवळं पडतं तेव्हा काँक्रीटकडे बघायचं. नव्या काँक्रीटमधून चुना झिरपत राहतो, बांधकामाच्या वेळी उरलेला माल, प्लास्टरचे तुकडे तिथेच गाडलेले असतात. आणि दुसरं म्हणजे लॉनवाला. इथे शेवाळ जावं म्हणून लॉनला चुना मारतात, तो झाडाच्या बुडाशी गेला की झालं कल्याण. तुमचा लॉनवाला टाकतो का विचारा.

पण थांबा, हिरव्या शिरांची पिवळी पानं मुळं कुजली किंवा गुदमरली तरीही दिसतात. आयर्न मातीत असतं, मुळांना ते उचलताच येत नाही. म्हणून नुसतं पान बघून खत ओतायचं नाही, आधी माती तपासायची. बाजारात टोचून बघायचं काटेवालं मीटर मिळतं ते खेळणं आहे, त्याच्या नादी लागू नका. किंग काउंटीत राहणाऱ्यांना तिथल्या कन्झर्वेशन डिस्ट्रिक्टकडून माती तपासून मिळते, बोथेल अर्धं इकडे अर्धं तिकडे आहे त्यामुळे तुमचा पत्ता त्यात बसतो का ते बघा.

तिसरं, गोल गरगरीतवालं, ते अजिबात आजारी नाही. त्याला तुमच्या एचओएचे (कॉलनीतल्या घरमालकांच्या सोसायटीचे) लोक हेज ट्रिमरने गोल करतायत ना? कधी, ऑगस्ट-सप्टेंबरात? तेव्हा फांदीच्या टोकाला पुढच्या मेची कळी बसलेली असते, ती सगळी पिशवीत भरून नेतात. येत्या सप्टेंबरात जवळून बघा, पानाची कळी बारीक टोकदार असते आणि फुलाची चांगली टपोरी, एकदा फरक कळला की लांबूनही ओळखू येते. छाटायचंच असेल तर फुलं गळाली की लगेच, जूनच्या आत-बाहेर, आणि कात्रीने एकेक फांदी, मशीन नाही.

कॉफीचा चोथा हा सगळ्या जगाचा आवडता गैरसमज आहे. अ‍ॅसिड कॉफीत उतरून आपल्या पोटात गेलेलं असतं, चोथा जवळपास न्यूट्रल. थोडा कम्पोस्टमध्ये टाकला तर चांगलंच, झाडाच्या बुडाशी जाड थर दिला तर त्याची खपली धरते आणि पाणी खाली जात नाही.

आता दाराजवळचं, ते खरं आजारी आहे. त्याचं सांगायच्या आधी तुम्ही एक काम करा. खुरपं घ्या आणि खोडाजवळचं बार्क, माती हाताने बाजूला करत करत खाली जा, जिथे पहिलं मूळ बाजूला फुटतं तिथपर्यंत. किती खाली सापडतं ते सांगा. आणि खोडाशी काही दोरी, गोणपाट, जाळी लागते का ते बघा. मग बोटभर खोल नाही, चांगली वीतभर आत मुळांच्या हुंडीत (मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यात) हात घाला, आतली माती ओली की कोरडी?

जमलं तर खोडाची साल जमिनीलगत नखाने किंचित खरवडा, जरासाच तुकडा. आत हिरवट पांढरं दिसलं तर जीव आहे. दालचिनीच्या रंगाचं दिसलं तर फायटोफ्थोरा म्हणजे मूळकुजवा, मग त्यावर औषध नाही, ते झाड मुळासकट काढायचं आणि त्याच खड्ड्यात परत ऱ्होडी लावायची नाही.

पानफूल

डोंगरझाड, आज सकाळी आई आणि मी दोघी खुरपं घेऊन बसलो आणि जे निघालं ते बघून मला रडावं की हसावं कळेना. वर बार्कचा थर, त्याच्याखाली काळं प्लास्टिकचं कापड, त्याच्याखाली पुन्हा माती आणि चांगलं माझं मनगट बुडेपर्यंत खाली गेल्यावर पहिलं मूळ. खोडाला हिरवी नायलॉनची दोरी तीन वेढे मारलेली, ती सालीत रुतलीये, वर खोड फुगलंय आणि खाली बारीक. गोणपाट तसंच आहे, आणि ते खरं गोणपाट पण नाही, प्लास्टिकसारखं काहीतरी, कुजलेलंच नाही. आणि तुम्ही म्हणालात तसा हात घातला तर बाजूची चिकणमाती ओलीगच्च आणि हुंडी आतून चक्क कोरडी, भुसा हातात आल्यासारखी. आई म्हणाली, अगं हे झाड पाण्यात उभं राहून तहानेलंय.

साल खरवडली, मुख्य खोड हिरवट आहे, ती तपकिरी फांदी मात्र आतून पण मेलेली. दुसऱ्या दोघांचं पण कापड-दोरी तेच आहे, फक्त गोल झाडाची दोरी अजून रुतलेली नाही. लॉनवाल्याला विचारलं, तो म्हणाला हो, दर मार्चमध्ये चुना मारतो.

आता? दोरी कापली मी लगेच, विचारायच्या आधीच.

डोंगरझाड

दोरी कापलीत ते उत्तम, त्यात विचारायचं काही नव्हतं. आणि आईंनी एका वाक्यात निदान केलं, माझा मागचा एवढा मोठा प्रतिसाद फुकट गेला.

होतं काय, नर्सरीत ही झाडं पीट (दलदलीतल्या कुजलेल्या शेवाळाचा भुसा) आणि बार्कच्या हलक्या मिश्रणात वाढवतात. तशीच हुंडी चिकणमातीत बसवली की पाणी बाजूने निघून जातं, आणि पीट एकदा पूर्ण वाळलं की पाणी घेतच नाही, वरून घातलेलं ओघळून जातं. त्यात वळचणीखाली पाऊस पडत नाही, म्हणजे नोव्हेंबरात सगळं सिअ‍ॅटल भिजत असताना तुमचं झाड कोरडं. लोक इथे उन्हाळ्यात पाणी घालायला विसरतात हे तर आहेच, जुलै-ऑगस्टमध्ये जवळपास पाऊस नसतो, आणि नेमकं तेव्हाच झाड कळ्या धरतं. बिल्डरच्या कॉलन्यांत आणखी एक, वरची चांगली माती बांधकामात खरवडून नेलेली असते आणि खाली हिमनद्यांनी दाबून ठेवलेला थर, कुदळ मारली तर ठणकन आवाज येतो. त्यावर दोन-चार इंच माती पसरून हिरवळ अंथरतात.

आत्ता जून आहे, आत्ता झाड हलवू नका. आत्ता एवढंच करायचं: ते काळं कापड पूर्ण काढून टाका, खोडाभोवतीची माती आणि बार्क मागे ओढा म्हणजे पहिलं मूळ उघडं दिसलं पाहिजे. मेलेली फांदी जिवंत लाकडापर्यंत कापा, कात्री स्पिरिटने पुसून. पाण्याची नळी एकदम बारीक धार सोडून थेट हुंडीवर ठेवा, तास-दोन तास, मग पुन्हा हात घालून बघा आत ओल गेली का. नाही गेली तर दुसऱ्या दिवशी परत. एकदा भिजली की आठवड्यातून एक-दोनदा सावकाश आणि खोल, रोज थोडं थोडं शिंपडायचं नाही. वर वूड चिप्सचा दोन-तीन इंचाचा थर, झाडं तोडणारे लोक चिप्स फुकट टाकून जातात, पण खोडापासून वीतभर लांब. शेजारच्या आजींना सांगा बार्क बास झालं.

खत काही नाही. आजारी मुळांना खत म्हणजे मीठ. ताक पण नाही, आईंची माफी मागून.

मग ऑक्टोबरात, पाऊस सुरू झाला आणि माती अजून कोमट आहे तेव्हा, दाराजवळचं आणि ड्राइव्हवेचं दोन्ही उचला. ऱ्होडीची मुळं खोल जातच नाहीत, केसासारखी बारीक, वरच्या फूटभर मातीत पसरलेली, त्यामुळे चांगलं मोठं झाडसुद्धा फावड्याने खालून सुटं करून ताडपत्रीवर ओढत नेता येतं. इतर झाडांसारखी जिवावरची शस्त्रक्रिया नाही ही. नवीन जागा बघताना सकाळचं ऊन आणि दुपारी सावली, पश्चिमेची भिंत नको. २८ जून २०२१ ला सी-टॅकला (सिअ‍ॅटलच्या विमानतळावर) १०८ फॅरनहाइट झालं होतं, आठवतंय ना, तेव्हा माझ्याकडची पश्चिमेकडची सगळी पानं एका दुपारीत भाजून निघाली आणि पाच पावलांवर मेपलच्या सावलीतल्यांना काहीही झालं नाही.

आधी फूटभर खड्डा करून पाणी भरा, जिरू द्या, परत भरा. दुसऱ्यांदाचं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी तिथेच असेल तर खड्डा खणायचा नादच सोडा, जमिनीवर ढीग करून त्यात लावा. हुंडीचं गोणपाट सगळं काढा, बाहेरची पीट पाण्याच्या धारेने धुवा, गोल गोल फिरलेली मुळं चाकूने उभी चिरा, घाबरू नका. आणि बसवताना हुंडीचा माथा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा इंच-दोन इंच वर राहिला पाहिजे, कारण ते खाली बसतंच. खड्ड्यात वेगळी भारी माती भरायची नाही, खणलेलीच परत. आळं मात्र करा पहिल्या उन्हाळ्यापुरतं.

माती तपासून पीएच खरंच साडेसहाच्या वर निघाला तर गंधक, साधं एलिमेन्टल सल्फर, ते सावकाश महिनोनमहिने काम करतं. अ‍ॅल्युमिनियम सल्फेट कुणी सुचवेल, हायड्रेन्जिया निळा करायला वापरतात ते, ते ऱ्होडीला नको.

मीना_रेडिंग (इंग्लंड)

तुमच्याकडे माती फुकटात अ‍ॅसिडिक, ऐकून जळजळ झाली. आमच्याकडे खाली सगळा खडूचा दगड आणि नळाला इतकं जड पाणी की किटलीला महिन्यात पांढरी खपली धरते. जमिनीत ऱ्होडो लावायचा विचारच करायचा नाही, गंधक घालून घालून दमाल, खालून चुना येतच राहतो. पण कुंडीत छान होतात. एरिकेशस (चुना न चालणाऱ्या झाडांसाठीचं) कम्पोस्ट म्हणून वेगळं मिळतं ते, कुंडी उंचीपेक्षा रुंद, आणि पाणी फक्त पावसाचं, छपराच्या पन्हाळीला वॉटर बट (पिंप) लावून साठवलेलं. बट संपला तर एखाद-दुसरा आठवडा नळाचं चालतं, कायम घातलं तर दोन वर्षांत पानं पिवळी. जात निवडताना याक म्हणून ज्या मिळतात, जपानच्या याकुशिमा बेटावरच्या मूळ झाडापासून केलेल्या, त्या घ्या, आटोपशीर राहतात आणि कोवळ्या पानांवर पांढरट लव असते ती फुलांइतकीच सुंदर दिसते.

गंमत अशी की इथून गाडीने थोड्याच अंतरावर विंडसर ग्रेट पार्कात व्हॅली गार्डन्स आहेत, तिथे जमीन वाळूची आणि अ‍ॅसिडिक, मे महिन्यात अख्खी टेकडी पेटल्यासारखी. माती बदलली की चित्र बदललं.

इकडच्या लोकांसाठी एक सूचना. जुन्या घरात ऱ्होडो असेल आणि बुडातून वेगळ्याच फांद्या येऊन जांभळट फुलं लागायला लागली तर त्या ताबडतोब फाडून काढा, ते खालचं पॉन्टिकम आहे. पूर्वी कलम त्यावर बांधायचे आणि ते वरच्याला गिळून टाकतं. हेच पॉन्टिकम अठराव्या शतकात शोभेसाठी आणलं आणि आता वेल्समधल्या स्नोडोनियात, आयर्लंडमध्ये किलार्नीला रानच्या रान व्यापून बसलंय, त्याच्या सावलीत दुसरं काही उगवत नाही, काढायला लोक वर्षानुवर्षं राबतायत. आपल्याकडची घाणेरी आठवा.

सह्यभटक्या (पुणे)

वाचून उत्तराखंडातल्या चोपता-तुंगनाथची आठवण आली. एप्रिलमध्ये गेलो होतो, खाली लाल बुरांश (तिकडचा ऱ्होडोडेन्ड्रॉन) आणि वर चढत गेलं की गुलाबी, मग फिकट, आणि ढाब्यावर बुरांशचं सरबत. दार्जिलिंगकडच्या सांदकफूला पण असंच म्हणतात. आता विचारतोच, इथे पुण्यात बंगल्याच्या मागे सावलीत, एक झाड, फक्त एक, जमेल का? एका नर्सरीवाल्याने छातीठोक सांगितलंय की "साहेब, येतंय की, महाबळेश्वरला तर आरामात." रोप ऑनलाइनपण दिसतंय.

डोंगरझाड

भटक्या, पैसे वाचवा. बुरांश म्हणजे ऱ्होडोडेन्ड्रॉन आर्बोरियम, उत्तराखंडचा राज्यवृक्ष, नेपाळचं लालीगुरांस तेच. त्याला रात्री गार लागतात, मुळं थंड लागतात, माती अ‍ॅसिडिक आणि भुसभुशीत. पुण्यात काळी माती, बोअरचं जड पाणी आणि एप्रिल-मेमध्ये चाळीस, तिन्ही बाजूंनी कोंडी. सावली करून ऊन अडवाल, रात्रीची हवा कुठून गार आणाल? दक्षिणेत निलगिरीत याची एक उपजात आहे, शोला जंगलाच्या कडेने, उटीच्या वाटेवर दिसते, पण ती उंची दोन हजार मीटरच्या आसपासची. आपलं कळसूबाई १६४६ वर संपतं आणि महाबळेश्वर त्याहून खाली, वर तिथला पाऊस. महाराष्ट्रातल्या सह्याद्रीत रानात एकही ऱ्होडो नाही, उगाच नाही.

हिवाळ्यात नर्सरीत अझालियाच्या फुललेल्या कुंड्या येतात, त्या आणा, दोन महिने बघा, आणि मार्चनंतर काय होईल ते मनाला लावून घेऊ नका. लाल रंगच पाहिजे तर मागे पांगारा लावा, तो तुमच्या मातीतला आहे, फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं झाडून असा फुलतो की पक्षी दिवसभर भांडत बसतात. कुंपणाला इक्झोरा, त्यालाही थोडी अ‍ॅसिडिक माती आवडते, ऱ्होडोवर करायची हौस त्याच्यावर भागवा.

सह्यभटक्या

पांगारा काटेरी, बायको नको म्हणते :) बरं, पण सरबताचं काय, पानफूलताईंकडे फुलं आली की करता येईल ना?

कुंडीवाली

नाही नाही नाही! हे मला माहितीये. पहाडात लोक लाल बुरांशची फुलं पिढ्यानपिढ्या खातात, तेही पुंकेसर वगैरे काढून, ते वेगळं. नर्सरीतल्या संकरित जातीत कशाचं रक्त आहे कुणाला माहिती, या झाडांच्या पानात, फुलात, मधातसुद्धा ग्रेयानोटॉक्सिन असतं. तुर्कस्तानात काळ्या समुद्राच्या बाजूला ऱ्होडोचा मध खाऊन माणसं गरगरतात, इसवी सनापूर्वी ४०१ मध्ये ग्रीक सैन्याची अख्खी तुकडी असा मध खाऊन आडवी झाली होती, त्याच सैन्यातल्या झेनोफोनने लिहून ठेवलंय. आमच्या शेजाऱ्यांच्या कुत्र्याच्या पिल्लाने पानं चावली, उलट्या, लाळ, रात्री इमर्जन्सीत नेलं, वाचलं ते. पानफूल, तुमच्याकडे रांगतं बाळ किंवा कुत्रं असेल तर गळलेली फुलं रोज उचला.

पानफूल

बाप रे. कुत्रं नाही, भाची येते दोन वर्षांची, लक्ष ठेवीन. सगळ्यांचे खूप आभार. कापड काढलं, नळी रात्रभर (बारीक!) ठेवली, दाराजवळचं आज दुपारी थोडं कमी मरगळलेलं वाटलं, की मलाच तसं वाटतंय देव जाणे. लॉनवाल्याला चुना बंद सांगितलाय. दोन प्रश्न राहिले, पानं कोण खातंय आणि सुकलेले झुपके काढायचे असतात का?

डोंगरझाड

झुपके काढायचे, म्हणजे झाडाची ताकद बिया धरण्यात जात नाही, पण कात्रीने नाही. सुकलेल्या झुपक्याचा देठ तळाशी, पानांच्या बरोबर वर, अंगठा आणि बोटात धरायचा आणि बाजूला मोडायचा, टक्कन सुटतो. त्याच्या लगेच खाली पुढच्या फांद्यांचे इवलेसे कोंब असतात, हिरवे, तांदळाच्या कणीएवढे, ते मोडले तर त्या टोकाला पुढच्या वर्षी काही नाही. बोटं चिकट होतात, साबणाने जात नाही, आधी गोडं तेल चोळा. मोठ्या झाडाचे हात पोचतील तेवढेच काढा, जंगलात कोण काढायला जातं.

पानं खाणारा म्हणजे रूट वीव्हिल, करडा-काळा सोंडेवाला भुंगा. दिवसा बुडाशी पालापाचोळ्यात झोपतो म्हणून तुम्हाला दिसला नाही. रात्री दहानंतर टॉर्च घेऊन जा, खाली पांढरी चादर पसरा आणि फांदी हलवा, टपाटप पडतात, उडता येत नाही त्यांना. साबणाच्या पाण्यात टाका. कुरतडलेल्या कडा नुसत्या दिसायला वाईट, त्याचं फार मनावर घेऊ नका, खरं नुकसान त्यांच्या अळ्या करतात, मातीत राहून मुळं आणि बुडाची साल खातात. त्यांच्यासाठी ऑगस्टच्या शेवटी-सप्टेंबरात निमॅटोड (अळ्या मारणारे सूक्ष्म कृमी) मिळतात, जिवंत असतात, फ्रिजमध्ये ठेवून पाण्यात कालवून घालायचे. माती आधी आणि नंतर ओली पाहिजे, नाहीतर पैसे मातीत, तेही कोरड्या.

आणि पानं वरून रापल्यासारखी, बारीक पांढऱ्या ठिपक्यांची दिसायला लागली तर उलटी करून बघा, खाली डांबराचे शिंतोडे उडाल्यासारखे काळे ठिपके असतील तर तो लेस बग, पानाचा रस शोषणारा बारीक किडा. गेल्या पंधरा-वीस वर्षांत तो या भागात आलाय आणि उन्हातल्या, तहानलेल्या झाडांवर आधी बसतो. मे-जूनमध्ये पिल्लं असतात तेव्हा नळीला पिस्तूल लावून खालून जोरात पाणी मारायचं, आठवड्याला एकदा, बरेचदा तेवढ्यावर भागतं. मुळातून शोषून घ्यायचं औषध दुकानदार देईल, ते फुलणाऱ्या झाडाला नको, मधमाश्या मरतात.

जुनी आतली पानं ऑगस्ट-सप्टेंबरात पिवळी होऊन गळतील तेव्हा परत इथे धागा काढू नका :) ऱ्होडीचं पान दोन-तीन वर्षं जगतं आणि जातं. टोकाची नवी पानं हिरवी आहेत ना, मग ठीक.

राहिले एचओएचे ट्रिमरवाले. नुसती मेल करून उपयोग नाही, मेल ऑफिसात राहते आणि मशीन वेगळ्याच माणसाच्या हातात असतं. गोल झाडाला आत्ताच भडक नारिंगी रिबन बांधा, त्यावर मार्करने इंग्लिश आणि स्पॅनिशमध्ये छाटू नका असं लिहा, आणि ते लोक कोणत्या वारी येतात ते बघून ऑगस्टमध्ये एकदा बाहेर जाऊन समोरासमोर सांगा.